लाल बाजू सांगितली होती

वाचकांचे ‘अनुभव’ छापणारं एक सदर आमच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत होतं आणि ते संपादित करायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. अमावस्या, घाटातलं वळण, लिफ्ट मागणारी बाई... हे सगळं मी शांतपणे कापत असे. माझा नियम एकच होता – सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं असेल तेवढंच ठेवायचं. या नियमाने बहुतेक अनुभव चार ओळींवर यायचे आणि मग छापण्यासारखं फारसं काही उरायचं नाही. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, हे वेगळं सांगायला नको. आजही तो शब्द मी वापरणार नाही. पण गेल्या हिवाळ्यात सिन्नरला एका भर दुपारी मी जे पाहिलं, ते त्याच नियमाने इथे लिहिते आहे. यात भूत नाही, सावली नाही, कुणाचा आवाज नाही. एक मशीन आहे, आणि ते एकदा चुकलं. चुकलं म्हणायचं का, हाच प्रश्न आहे.

माझा धाकटा भाऊ महेश नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. धोकादायक बांधकामं पाडणाऱ्या एका ठेकेदाराकडे तो सुपरवायझर आहे. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद कारखान्यात तेव्हा त्यांचं काम चालू होतं. (कारखान्याचं आणि ठेकेदाराचं नाव देत नाही, त्याची गरज नाही.) तिथल्या बॉयलर हाउसला पूर्वी कधीतरी आग लागली होती. आगीत भाजलेलं काँक्रीट बाहेरून धड दिसतं, पण आतून ते कसं झालं आहे ते सांगता येत नाही. म्हणून आत माणूस पाठवायचा नव्हता. त्याऐवजी रिमोटवर चालणारं मशीन आणलं होतं.

नोकरी सोडल्यापासून मी अधूनमधून लेख लिहिते. महेश म्हणाला, “ताई, एकदा येऊन बघ. सगळी नाशिकची माणसं, आणि मशीन असं की तुला सिनेमातलं वाटेल.”

मला ते सिनेमातलं वाटलं नाही. छोट्या टेम्पोएवढं, पिवळं, बसायला जागाच नसलेलं ते यंत्र होतं. खाली पट्ट्यांची चाकं, बाजूला टेकायला चार पाय आणि पुढे एक लांब हात. हाताच्या टोकाला काँक्रीट फोडणारा ब्रेकर. साइटवरचे सगळे त्याला ‘खेकडा’ म्हणत. ते विजेवर चालतं; मनगटाएवढी जाड केबल त्याच्या मागून फरफटत येते आणि बाहेरच्या पॅनेलला जोडलेली असते.

ते चालवणारा दत्तू वणीकडच्या एका खेड्यातला, तिशीतला. अंगाने किरकोळ. रिमोटचा डबा त्याने गळ्यात पट्टा घालून पोटावर धरला होता.

“ताई, हे लय गुणाचं हाय,” तो मला म्हणाला. “सुट्टी मागत नाय, उचल मागत नाय.”

“आणि तुझ्यासारखी दर तासाला तंबाखू पण मागत नाही,” मागून सलीमभाई म्हणाले. सलीमभाई सिन्नरचेच. पन्नाशीचे गॅस कटर. सळ्या कापायचं काम त्यांचं. खेकडा चालू असताना मात्र ते दत्तूच्या शेजारी उभं राहून लांबून नजर ठेवत आणि कुठे वळायचं ते ओरडून सांगत.

या सांगण्याची एक पद्धत होती आणि पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे, म्हणून ती नीट सांगते.

दत्तू आधी बरीच वर्षं पोकलेन चालवत होता. पोकलेनच्या केबिनमध्ये ड्रायव्हर मशीनमध्येच बसलेला असतो. मशीनचं उजवं ते त्याचं उजवं. रिमोटवर तसं नसतं. मशीन तुमच्याकडे पाठ करून असेल तर ठीक. पण तोंड तुमच्याकडे असेल तर त्याचं उजवं तुमच्या डाव्या हाताला येतं. महेश म्हणाला, नवशिक्या पोरापेक्षा जुना पोकलेनवाला इथे जास्त फसतो, कारण त्याच्या हाताला सवय लागलेली असते. यावर या लोकांनी स्वतःच एक उपाय काढला होता. खेकड्याच्या एका बाजूच्या पायाला लाल फडकं बांधलं होतं आणि रिमोटच्या त्याच बाजूला लाल टेप चिकटवली होती. डावं-उजवं हे शब्दच बंद. सलीमभाई ओरडणार ‘लाल’, किंवा फडकं नसलेल्या बाजूसाठी ‘कोरी’. दत्तू तोच शब्द पुन्हा मोठ्याने म्हणणार आणि मग रिमोटवरची दांडी ढकलणार. मशीनचं तोंड कुठेही असो, लाल म्हणजे लाल.

“सोपं आहे ना?” महेश म्हणाला. “ही पद्धत लावल्यापासून एकदाही उलटं गेलेलं नाही.”

त्याने मला आणखी एक नियम सांगितला आणि तो सांगताना तो जरा मोठ्या भावासारखा बोलत होता. रिमोटच्या कामात लोक मशीनच्या फार जवळ जातात, कारण मध्ये केबिन नसते, काच नसते. म्हणून आत पाऊल टाकायचं असेल तर आधी ऑपरेटरने रिमोटची चावी काढून हातात दाखवायची. चावी दिसल्याशिवाय कुणीही आत जायचं नाही. “मालक आला तरी नाही,” महेश म्हणाला.

दुपारची जेवणं झाली होती. पुढच्या बाजूला राडारोडा साचल्यामुळे खेकडा मागच्या बाजूने आत घातला होता, म्हणजे त्याचं तोंड आमच्याकडे होतं. पुढची भिंत आधीच पाडलेली असल्याने लांबून सगळं दिसत होतं. लाल फडक्याच्या बाजूला भिंतीचा एक तुकडा उभा होता, तो पाडायचा होता. कोऱ्या बाजूला एक कॉलम, त्याच्याआड कमरेएवढी अर्धी भिंत, आणि वर स्लॅब. त्या अर्ध्या भिंतीमागे काय आहे ते आम्हाला दिसत नव्हतं.

दत्तूने काम थांबवून पाण्याचे घोट घेतले. गळ्यातला पट्टा घट्ट केला. त्या वेळात खेकड्याची मोटर आपोआप शांत झाली. थोडा वेळ कुणी दांडी हलवली नाही की ती तशी होते. महेश “केबल जरा ताणल्यासारखी वाटतेय, पॅनेल बघून येतो” म्हणून बाजूने गेला. पॅनेल बाहेर होतं, तेव्हा तो बाहेरच असणार, असं आम्ही तिघांनी धरलं.

मी फोन काढला होता. लेखाला फोटो हवा होता – रिमोटवरचा हात. दत्तू लाजला. “हाताचा काय फोटो काढता, ताई... नखं बघा कसली हायत.”

“काढू दे रे,” सलीमभाई म्हणाले. “तोंडापेक्षा बरा आहे.” मग ते आत बघून ओरडले, “चल दत्तू! लाल!”

“लाल!” दत्तू म्हणाला.

मी त्या क्षणी त्याच्या अंगठ्याकडे बघत होते. अंगठ्याने दांडी लाल टेपच्या बाजूला ढकलली, आणि मी फोटो काढला. आत मोटर घुमली. हात वर उचलला गेला आणि फिरला...

कोऱ्या बाजूला.

“अरे ए! लाल बोललो ना मी!” सलीमभाई ओरडले.

“लालच दिलंय!” दत्तू ओरडला. त्याचा अंगठा अजून लाल टेपकडेच होता – मी पुन्हा खाली बघितलं, तो तिथेच होता. हे सगळं लिहायला जेवढं लागतं त्याच्या कितीतरी कमी वेळात झालं. दत्तूने दांडी सोडली आणि थांबवायचं मोठं बटण तळहाताने दाबलं. खेकड्याचा हात कोऱ्या बाजूला, अर्ध्या भिंतीच्या वर, कशालाही न लागता, अर्ध्यात उचललेला तसाच थिजला.

आणि वरचा स्लॅब खाली आला.

आवाज फार मोठा नव्हता, हे मला नीट आठवतं. एक जड, दबका धक्का, आणि मग धूळ. आम्ही मागे सरलो. धुळीत काही दिसेना. सलीमभाई म्हणाले, “शुक्र आहे, आत कोणी नव्हतं.”

धुळीतून खोकला ऐकू आला. मग महेशचा आवाज – अगदी सावकाश, एखाद्याला झोपेतून न दचकवता उठवावं तसा.

“दत्तू... मशीन हलवू नको.”

दत्तूने दोन्ही हात वर केले. पोलिसांनी बंदूक रोखल्यावर करतात तसे, खांद्यांच्या वर. रिमोट त्याच्या पोटावर लोंबकळत होता आणि तो त्याला स्पर्श करायला तयार नव्हता. सलीमभाईंनीच पुढे होऊन रिमोटची चावी काढली आणि मूठ मिटली. मी काय केलं ते मला सांगता येणार नाही. मी उभी होते, एवढं खरं.

धूळ बसली तसं दिसलं. स्लॅबचं एक टोक सळ्यांना लटकलं होतं आणि दुसरं टोक खेकड्याच्या उचललेल्या हातावर टेकलं होतं. खाली तिरपी, तंबूसारखी पोकळी होती. त्या पोकळीतून, केबलच्या कडेकडेने, माझा भाऊ रांगत बाजूच्या दाराने बाहेर आला. डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरा. कोपर सोलवटलं होतं. दुसरं काही नाही.

तो येऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “केबल अडकली होती.” मग थोडं थांबून, “ताई, आईला सांगू नकोस.”

तो आत का गेला, हे त्याने नंतर सांगितलं. त्यात गूढ काही नाही. केबल कॉलमला अडकलेली त्याला बाजूच्या दारातून दिसली. मशीनचा आवाज येत नव्हता. महेशचं सगळं आयुष्य डिझेलच्या मशीनजवळ गेलं आहे आणि डिझेलचं मशीन गप्प असलं की ते बंद असतं. विजेचं मशीन गप्प असून जागं असतं, हे त्याला माहीत होतं. इतरांना तोच शिकवत होता. पण पाय कानाचं ऐकून आत गेले. चावी त्याने बघितली नाही. तो म्हणाला, “खेकड्याचा हात माझ्या डोक्यावर आला आणि थांबला. मी दत्तूला शिवी द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात वरून छत आलं.”

आता जे कळत नाही त्याबद्दल.

सवयीप्रमाणे मी दत्तूला आणि सलीमभाईंना वेगवेगळं गाठून विचारलं. दोघांनी एकमेकांशी बोलायच्या आत. दोघांचं सांगणं एकच होतं आणि ते माझ्या पाहण्याशी जुळत होतं. सलीमभाईंनी ‘लाल’ म्हटलं. दत्तूने ‘लाल’ म्हटलं. अंगठा लाल टेपवर होता. माझ्या फोनमध्ये फोटो आहे. त्यात अंगठा लाल बाजूला झुकलेला स्पष्ट दिसतो. तो पुरावा आहे असं मी म्हणत नाही – फोटोत मशीन नाही, फक्त हात आहे. दत्तूने सवयीने उलटं ढकललं, असं कुणीही म्हणू शकतं. मीही ते आधी तपासून पाहिलं. पण तसं असतं तर फोटोतला अंगठा दुसऱ्या बाजूला असता.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून मशीनच्या कंपनीचा टेक्निशियन आला; महेश त्या दिवशी दुसऱ्या साइटवर होता. शांत, मोजकं बोलणारा मुलगा. त्याने रिमोट उघडला, वायरी तपासल्या, तेलाचे पाइप बघितले. मग आम्हाला उभं करून दांडी पुन्हा पुन्हा लालकडे ढकलली. हात प्रत्येक वेळी लालकडे गेला.

“सिग्नल तुटला असेल तर?” मी विचारलं.

“सिग्नल तुटला की मशीन थांबतं, मॅडम.”

“दुसऱ्या कुठल्या रिमोटचा सिग्नल शिरला तर?”

“नाही शिरत. शिरला असं धरलं तरी थांबतंच.” तो जरा घुटमळला. “बिघाड झाला की हे थांबतं. बनवलंयच तसं. उलटं फिरणं... ते मला नाही सांगता येणार. ऑपरेटरची चूक झाली असेल, असं मी रिपोर्टमध्ये लिहिलं तर चालेल का?”

दत्तू तिथेच होता. सलीमभाई म्हणाले, “काय पाहिजे ते लिहा साहेब. मी लालच बोललो होतो.”

दत्तूच्या आईने गडावर जाऊन सप्तशृंगीची ओटी भरली. सलीमभाई मला म्हणाले, “अल्लाची मेहेरबानी आहे, ताई. अजून काय शोधताय?” माझ्याकडे दोन्हींपैकी काहीच नव्हतं. मी रोज सकाळी महेशला फोन करत होते, विशेष काही न बोलता. तो “हं, बोल” म्हणायचा आणि मला पुरायचं.

ठेकेदाराने आपल्या परीने गोष्ट मिटवली. ऑफिसात एक छोटा कार्यक्रम झाला. दत्तूला शाल, नारळ, टाळ्या. त्याने धोका ओळखून, प्रसंगावधान दाखवून, मशीनचा हात महेशच्या वर आडवा घातला, असं मालक बोलले. दत्तूची नजर नारळावर होती. कार्यक्रम संपल्यावर त्याने मला गेटजवळ गाठलं.

“ताई, तुम्ही पेपरात होत्या. हे खोटं हाय, तुम्हाला ठावं हाय.”

“बटण तू दाबलंस, ते खोटं नाही.”

“बटण दाबलं कारण ते चुकीचं फिरलं.” त्याने शाल घडी घालून काखेत मारली होती. “मला तर आत कोण हाय तेच म्हाईत नव्हतं. मी सांगितलं तसं ते लालकडं गेलं असतं तर हात तिकडं, आन् साहेब इकडं... माझ्या हिशेबानं साहेब गेलेच होते, ताई. आन् लोक माझ्या गळ्यात शाल घालत्यात. साहेब रोज मला म्हणत्यात, तू वाचवलं. मी त्यांच्याकडं बघू शकत नाय. सांगू का त्यांना?”

मी म्हटलं, “सांगितलंस तर तुला काय वाटतं, काय होईल?”

“परत माझ्या मशीनजवळ उभे ऱ्हानार नायत.”

मी त्याला काही सल्ला दिला नाही. असे सल्ले मला देता येत नाहीत.

पण महेशने त्याला एका रविवारी जेवायला बोलावलंच होतं. तो आला तेव्हा मीही तिथे होते. शेतातल्या द्राक्षांची पिशवी त्याने दारातच महेशच्या बायकोच्या, स्वातीच्या, हातात दिली. स्वातीने शेवभाजी केली होती आणि बाजरीच्या भाकऱ्या. पाटावर बसल्या बसल्या, पहिला घास घ्यायच्या आधीच, दत्तूने सांगून टाकलं. सगळं. लाल म्हटलं होतं, लालच दिलं होतं, आत कोण आहे ते माहीत नव्हतं. सांगताना तो ताटाकडे बघत होता. स्वाती भाजीचं पातेलं हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

महेशने हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाला, “म्हणजे मशीनने तुझं ऐकलं असतं तर मी गेलो असतो.”

“हो, साहेब.”

“आणि ऐकलं नाही, हे दिसल्याबरोबर तू बटण दाबलंस. नसतं दाबलं तर तो हात तसाच फिरत पुढे गेला असता, आणि वर आडवा काहीच राहिला नसता.”

“ते... ते तुम्हीच शिकवलंय. चुकीचं फिरलं की आधी बटन, मग विचार.”

“आणि चावी बघितल्याशिवाय आत जायचं नाही, हे कोणी शिकवलं?”

दत्तूने मान वर केली. “तुम्हीच.”

“मग दोघांत गाढव कोण?”

दत्तूला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. तो म्हणाला, “साहेब, आता मी कसं म्हणू...”

“नको म्हणू. भाकरी घे. उद्या सकाळी मागची भिंत घ्यायचीय, मी तुझ्या शेजारी उभा राहणार आहे. सलीमभाईंचा घसा बसलाय.”

स्वाती पुढे आली आणि तिने दत्तूच्या वाटीत भाजी वाढली. तो “बास, बास” म्हणत होता तरी वाटी काठोकाठ भरेपर्यंत थांबली नाही.

खेकडा त्या दिवशी कोऱ्या बाजूला का फिरला, हे मला माहीत नाही. टेक्निशियनला नाही, सलीमभाईंना नाही, ज्याचा अंगठा दांडीवर होता त्यालाही नाही. जुन्या नियमाने बघितलं तर माझ्याकडे चार ओळीच आहेत: लाल म्हटलं, लाल दिलं, कोरीकडे गेलं, भाऊ वाचला. यात मी एकही शब्द वाढवू शकत नाही आणि एकही कापू शकत नाही. आभार मानायचे आहेत, आणि ते मी रोज मानते; ते कुणापर्यंत जातात ते कळत नाही म्हणून थांबवावेत, असं मला वाटत नाही.

त्या ताटांवर खेकड्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. दत्तू पोटभर जेवला. माझा भाऊ समोर मांडी घालून बसला होता. त्याने पाटाच्या कोपऱ्यावर कांदा ठेवला, वर मूठ मारून तो फोडला, आणि मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला.